म्युरिएल स्पार्क : शेवट आधी सांगणाऱ्या लेखिकेचा विनोद

स्कॉटलंडमधील एडिंबरा शहरातील मुलींच्या एका शाळेत, १९३०च्या सुमारास, एक शिक्षिका वर्गाला प्रश्न विचारतात, ‘‘इटलीचा सर्वांत थोर चित्रकार कोण?’’ एक मुलगी उत्तर देते, ‘‘लिओनार्दो दा विंची, बाई.’’ बाई म्हणतात, ‘‘चूक. उत्तर आहे जोत्तो. तो माझा आवडता आहे.’’

म्युरिएल स्पार्क यांच्या ‘द प्राइम ऑफ मिस जीन ब्रोडी’ या १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीतला हा प्रसंग एवढाच आहे. निवेदिका त्यावर काहीही भाष्य करत नाही, वर्गातले कोणी हसत नाही आणि बाईंनाही आपण काही विचित्र बोललो असे वाटत नाही. वाचकाला मात्र हसू येते, कारण स्वतःची आवडनिवड बाईंनी गणिताच्या उत्तरासारखी मांडलेली असते. थोडे पुढे गेल्यावर याच मिस ब्रोडी तितक्याच खात्रीने मुसोलिनीची आणि त्याच्या काळे सदरे घातलेल्या तुकड्यांची वाखाणणी करताना दिसतात, आणि मग लक्षात येते की ज्या गोष्टीला आपण हसलो होतो तीच गोष्ट भयंकर होती. जोत्तोबद्दलची खात्री आणि हुकूमशहाबद्दलची खात्री या एकाच मनाच्या दोन बाजू आहेत, हे लेखिकेने कुठेही लिहिलेले नाही. तिने फक्त दोन्ही गोष्टी योग्य अंतरावर ठेवल्या आहेत.

मराठीत ‘विनोदी लेखिका’ म्हटले की कोट्या, फजितीचे प्रसंग, अतिशयोक्ती, फार तर नर्मविनोद डोळ्यांसमोर येतो. स्पार्क यांचा विनोद यांपैकी कशातच नीट बसत नाही, आणि म्हणूनच त्यांचे पुस्तक पहिल्यांदा हाती घेणारा वाचक पुष्कळदा गोंधळतो. वाक्य साधे असते, प्रसंग गंभीर असतो, कुणीतरी मेलेलेही असते, आणि तरीही हसू येते. माझ्या समजुतीप्रमाणे याचे कारण असे, की स्पार्क यांचा विनोद शब्दांपेक्षा माहितीच्या क्रमात असतो: वाचकाला कोणती गोष्ट आधी कळावी, कोणती उशिरा कळावी आणि कोणती कधीच सांगितली जाऊ नये, यावर तो उभा असतो. ही सवय त्यांना कुठून लागली, हे समजून घ्यायचे तर त्यांच्या आयुष्याकडे पाहावे लागते.

त्यांचा जन्म १ फेब्रुवारी १९१८ रोजी एडिंबरामधील ब्रन्ट्सफील्ड भागात झाला. माहेरचे नाव म्युरिएल सारा कॅम्बर्ग. वडील ज्यू घराण्यातले, पेशाने इंजिनियर, रबराच्या कारखान्यात नोकरीला. आई इंग्लंडमधील वॉटफर्डची. घर बेताच्या परिस्थितीचे होते, पण माणसांची ये-जा भरपूर होती, आणि घरातली लहान मुलगी माणसे कशी बोलतात हे लक्ष देऊन ऐकत असे. आईची आई, म्हणजे आजी, म्हातारपणी त्यांच्याकडे राहायला आली आणि आजारपणात तिची सेवा करण्यात नातीचाही हात होता. वृद्ध शरीर, वृद्ध मनाचे भ्रम आणि वृद्धांची जिद्द यांचे जे जवळून दर्शन तेव्हा घडले, ते पुढे एका अख्ख्या कादंबरीला पुरले.

शाळेचे नाव जेम्स गिलेस्पी यांची मुलींची शाळा. तिथे क्रिस्टिना के नावाच्या शिक्षिका भेटल्या, ज्या अभ्यासक्रम बाजूला ठेवून इटलीतल्या प्रवासाविषयी, चित्रांविषयी आणि कवितेविषयी बोलत. मिस ब्रोडी या पात्राचे बीज या बाईंमध्ये आहे, असे स्पार्क यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. ‘करिक्युलम विटे’ या १९९२ सालच्या आत्मचरित्रात त्यांनी लिहिले आहे, की ही मुलगी लेखिका होणार असे भाकीत मिस के यांनी इतक्या ठासून केले होते, की त्या बाबतीत आपल्याला फारसा पर्याय उरला आहे असे आपल्याला वाटलेच नाही. या वाक्यात गुरूविषयीची कृतज्ञता खरी आहे आणि गुरूच्या हुकूमतीची जाणीवही तितकीच खरी आहे. दोन्ही एकाच वाक्यात, एकमेकींना न खोडता राहतात.

या दुहेरीपणासाठी स्पार्क यांच्यापाशी एक शब्द होता. १९६२ साली वडील एडिंबराच्या इस्पितळात अखेरच्या आजारात असताना त्या तिथे एका हॉटेलात उतरल्या होत्या, आणि त्या दिवसांविषयी लिहिलेल्या छोट्या लेखात त्यांनी आपल्या शहराच्या बोलण्यातल्या एका शब्दाचा उल्लेख केला आहे. इंग्रजीतला तो शब्द म्हणजे ‘नेव्हरदलेस’, आपला ‘तरीही’. एडिंबरातल्या शिक्षिका आणि पोक्त बायका तो शब्द विशेष ठसक्यात उच्चारत, आणि आपले बहुतेक सारे लेखन त्याच शब्दाच्या भोवती उभे आहे, असे त्या म्हणतात. हवा उत्तम राहणार असे सांगणारे सारे अंदाज, वायुभारमापकावरचे सारे आकडे एकापुढे एक गंभीरपणे मांडत जावेत आणि मग म्हणावे, ‘तरीही पाऊस पडतो आहे’, हे त्यांना मनापासून आवडे. व्यापारी रस्ते, देखणे चौक आणि अरुंद गल्ल्या यांच्या ऐन मध्यावर उभा असलेला किल्ल्याचा आदिम काळा खडकही त्यांना त्या ‘तरीही’सारखाच वाटत असे. ज्यांना स्पार्क यांची सारी पुस्तके वाचणे शक्य नाही, त्यांनी हा एक शब्द जवळ ठेवला तरी बरीचशी वाट उजळेल.

शाळा संपल्यावर विद्यापीठात जाण्याइतका पैसा घरात नव्हता. त्यांनी हेरियट-वॉट कॉलेजमध्ये व्यावसायिक पत्रलेखन आणि सारलेखन यांचा अभ्यासक्रम केला आणि नंतर एका मोठ्या दुकानात सचिव म्हणून नोकरी धरली. साहित्याच्या इतिहासात सारलेखनाच्या वर्गाला सहसा मान मिळत नाही, पण मला तो फार महत्त्वाचा वाटतो. लांबलचक मजकूर हाती घेऊन त्यातला एकही आवश्यक मुद्दा न गमावता तो चार ओळींत बसवायचा, ही कसरत ज्या मुलीने अठराव्या वर्षाच्या आत पक्की केली, तिच्या बहुतेक कादंबऱ्या पुढे दीडशे-दोनशे पानांतच संपल्या आणि तरी अपुऱ्या वाटल्या नाहीत, यात नवल नाही.

१९३७ साली, एकोणिसाव्या वर्षी, त्या ऱ्होडेशियाला, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेला गेल्या आणि सिडनी ऑस्वल्ड स्पार्क या वयाने बऱ्याच मोठ्या असलेल्या शिक्षकाशी त्यांनी लग्न केले. पुढच्याच वर्षी मुलगा झाला. पतीला गंभीर मानसिक आजार होता आणि त्याचे वागणे हिंसक होऊ लागले होते. या काळाविषयी आत्मचरित्रात त्या लिहितात, की पती हा सीमारेषेवरचा रुग्ण ठरला आणि त्या सीमेच्या अलीकडे व पलीकडे जे काही आपल्याला आढळले ते आपल्याला आवडले नाही. वैद्यकातला एक ठरीव शब्दप्रयोग घेऊन त्यांनी तो अक्षरशः नकाशावरच्या सीमेसारखा वापरला, आणि एका तरुण बाईचे परक्या देशातले भय एका वाक्यात बंद केले. रडून सांगितले असते तर तेच दुःख वाचकाने सहानुभूतीने ऐकले असते आणि विसरले असते; असे सांगितल्यामुळे ते विसरता येत नाही.

लग्न मोडले, पण आडनाव त्यांनी ठेवले. कॅम्बर्ग हे नाव चांगले असले तरी त्यामानाने सपाट आहे आणि स्पार्क या नावात जीव आणि गंमत आहे, असे त्यांचे मत होते. स्पार्क म्हणजे ठिणगी.

महायुद्धामुळे आफ्रिकेतून निघणे सोपे नव्हते. १९४४ साली त्या सैनिकांची ने-आण करणाऱ्या जहाजाने ब्रिटनला परतल्या. मुलगा नंतर आला आणि एडिंबरात आजी-आजोबांकडे वाढला. स्वतः स्पार्क लंडनमध्ये राहिल्या आणि त्यांना परराष्ट्र खात्याच्या गुप्त प्रचारविभागात काम मिळाले. बेडफर्डशायरमधील मिल्टन ब्रायन या ठिकाणाहून, सेफ्टन डेल्मर या पत्रकाराच्या हाताखाली, जर्मन लोकांना जर्मनच वाटेल असे रेडिओ प्रक्षेपण केले जात असे. त्यामागची युक्ती अशी होती, की बातम्यांतला बहुतांश तपशील खरा, अचूक आणि पडताळून पाहता येईल असा ठेवायचा आणि त्यात खपून जाईल असे खोटे मिसळायचे. एका कादंबरीकाराला याहून चांगली शाळा कोणती मिळणार? पुढे समीक्षक फ्रँक करमोड यांच्याशी बोलताना स्पार्क यांनी सांगितले होते, की आपल्या कादंबऱ्या सत्य आहेत असा आपला दावा नाही. त्या कल्पित आहेत आणि त्या कल्पितातून एक प्रकारचे सत्य बाहेर येते. हे म्हणणे ज्या बाईने ऐन युद्धात खऱ्याखोट्याच्या मिश्रणाचे काम जवळून पाहिले होते तिचे आहे, हे ध्यानात घेतले की त्याचे वजन वाढते.

युद्ध संपल्यावर, १९४७ साली, त्या पोएट्री सोसायटी या कवितेच्या जुन्या संस्थेच्या सचिव आणि तिच्या नियतकालिकाच्या संपादक झाल्या. नव्या कवींना जागा द्यावी, कवींना मानधन मिळावे, असा त्यांचा आग्रह होता आणि संस्थेतल्या जुन्या मंडळींना तो रुचला नाही. भांडणे झाली आणि थोड्याच काळात त्यांना पद सोडावे लागले. विरोधकांत संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या म्हणून गाजलेल्या मेरी स्टोप्स होत्या. त्यांच्याविषयी स्पार्क यांनी अनेक वर्षांनी लिहिले, की संततिनियमनाचा विचार यांच्याऐवजी यांच्या मातोश्रींना सुचला नाही, याची आपल्याला खंत वाटत असे. हा टोला क्रूर आहे यात शंका नाही, पण त्याची बांधणी पाहण्यासारखी आहे. समोरच्या व्यक्तीचे जे जीवितकार्य, त्याचाच धागा पकडून तो तिच्या जन्माभोवती गुंडाळलेला आहे आणि वाक्यात एकही अपशब्द नाही.

१९५१ साली ‘ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्राच्या नाताळ कथास्पर्धेत, हजारो स्पर्धकांमधून, झांबेझी नदीच्या परिसरात घडणाऱ्या त्यांच्या कथेला अडीचशे पौंडांचे पहिले बक्षीस मिळाले. नाव झाले, परंतु पैशाची चणचण संपली नाही. त्या पोटभर जेवत नव्हत्या आणि भूक मारण्यासाठी डेक्सेड्रिन नावाच्या गोळ्या घेत होत्या, ज्या त्या काळी सहज मिळत. १९५४ साली या गोळ्यांचा परिणाम म्हणून त्यांना भास होऊ लागले. कवी टी. एस. एलियट आपल्या लेखनातून गुप्त संदेश पाठवत आहेत असे त्यांना वाटू लागले आणि पानावरची अक्षरे जागा बदलून निराळे शब्द बनवू लागली. गोळ्या थांबल्या, उपचार झाले आणि त्या सावरल्या. या पडत्या काळात कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन त्यांना दरमहा वीस पौंड आणि सोबत रेड वाइनच्या बाटल्या पाठवत असत. कोरड्या दानाची बोच कमी व्हावी म्हणून त्या बाटल्या असत, असे स्पार्क कृतज्ञतेने नमूद करतात.

त्याच वर्षी त्यांनी रोमन कॅथलिक पंथ स्वीकारला. धर्मांतर, आजार आणि पहिली कादंबरी या तीन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. १९५७ साली आलेल्या ‘द कम्फर्टर्स’मध्ये कॅरोलाइन नावाच्या नायिकेला टाइपरायटरची टकटक ऐकू येते आणि पाठोपाठ तिच्याच मनातले विचार कुणीतरी कथेच्या भाषेत वाचून दाखवते. आपण एका कादंबरीतले पात्र आहोत आणि ती कादंबरी या क्षणी लिहिली जात आहे, अशी शंका तिला येते. ती शंका अर्थातच बरोबर असते. स्वतःच्या भ्रमाला लेखिकेने असे सरळ कथेच्या चौकटीचा प्रश्न करून टाकले. मला कोण लिहीत आहे, आणि त्या लिहिणाऱ्याला नकार देण्याचे स्वातंत्र्य मला आहे का? हा प्रश्न धर्माचाही आहे आणि साहित्याचाही. त्याच सुमारास भासांवरच आधारलेली कादंबरी लिहिणाऱ्या नामवंत इंग्रज कादंबरीकार एव्हलिन वॉ यांनी स्पार्क यांचे पुस्तक आपल्या पुस्तकाहून अधिक महत्त्वाकांक्षी असल्याचे छापून सांगितले, आणि एका अपरिचित लेखिकेला याहून मोठा आधार मिळणे कठीण होते.

आता स्पार्क यांच्या सर्वांत प्रसिद्ध युक्तीकडे येऊ. सर्वसाधारण कादंबरीत पुढे काय होणार हे लपवून वाचकाची उत्सुकता वाढवली जाते. स्पार्क ते आधीच सांगून टाकतात. मिस ब्रोडी यांनी निवडलेल्या सहा मुलींपैकी मेरी मॅकग्रेगर ही बावळट समजली जाणारी, सगळ्या चुकांचे खापर जिच्या डोक्यावर फुटते अशी मुलगी. पुस्तकाच्या सुरुवातीलाच आपल्याला कळते, की ही मुलगी तेवीस वर्षांची असताना हॉटेलच्या आगीत मरणार आहे. मृत्यूच्या थोडेसे आधी, प्रियकराने सोडल्यावर, तिच्या मनात येते की मिस ब्रोडींच्या वर्गात बसून त्या साऱ्या विलक्षण गोष्टी ऐकण्यात गेलेली वर्षे हाच आपल्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा काळ होता. मग आग, धुराने भरलेला मार्ग, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावणारी मेरी. आणि त्यानंतर लगेच, श्वास घ्यायलाही न थांबता, निवेदन पुन्हा वर्गात येते: जमिनीवर शाई कुणी सांडली, मेरी, तू का? मेरी म्हणते, मला माहीत नाही, बाई.

या एका उडीने काय साधले ते पाहा. ‘पुढे काय’ हा प्रश्न संपला आणि त्याच्या जागी ‘हे असे का’ हा प्रश्न आला. शाईचा क्षुल्लक ओरडा आता क्षुल्लक राहिला नाही, कारण ज्या मुलीवर तो ओरडा बसतो आहे ती किती दिवसांची सोबती आहे हे आपल्याला माहीत आहे आणि वर्गातल्या कुणालाही माहीत नाही. आपण हसतो, कारण प्रसंग हास्यास्पद आहे. आणि त्या हसण्याची आपल्याला लाज वाटते, कारण आपण मिस ब्रोडींच्या बाजूने हसलो आहोत. ‘ते तिचे सर्वांत सुखाचे दिवस होते’ या वाक्यापुढे शाईचा प्रसंग ठेवला की मधे न लिहिलेला ‘तरीही’ ऐकू येतो.

यामागे एडिंबराचा धर्मविचारही आहे. स्कॉटलंडमधील प्रेसबिटेरियन चर्च कॅल्व्हिन या धर्मसुधारकाच्या शिकवणुकीवर उभे राहिले आणि त्या शिकवणुकीत पूर्वनियोजनाचा सिद्धांत होता: कोण तरणार आणि कोण बुडणार हे देवाने माणसाच्या जन्माआधीच ठरवलेले आहे आणि माणसाच्या कर्तबगारीने त्यात बदल होत नाही. सटवाईने कपाळी लिहिलेले टळत नाही असे आपल्याकडे म्हणतात, त्याच्याशी याचे दुरून साम्य आहे. फरक इतका, की सटवाई या जन्मीचे भोग लिहिते आणि कॅल्व्हिनचा देव आत्म्याच्या कायमच्या गतीचा निकाल देतो. मिस ब्रोडी आपल्या सहा मुलींविषयी नेमके हेच करतात. अमकी कशासाठी प्रसिद्ध होणार, तमकी कुणाची प्रेयसी होणार, हे त्या ठरवून टाकतात. त्यांची सर्वांत चाणाक्ष विद्यार्थिनी सँडी अखेर हे ओळखते. ही बाई स्वतःला दैव समजते, कॅल्व्हिनचा देव समजते, हिला आदि आणि अंत दिसतो असे हिला वाटते, असा विचार तिच्या मनात येतो आणि ती बाईंचा विश्वासघात करते. पण आदि आणि अंत कुणाला खरोखर दिसतो? पुस्तक लिहिणारीला. मेरीचा मृत्यू आधी सांगणाऱ्या स्पार्क स्वतःच त्या देवाच्या जागी बसलेल्या आहेत, आणि हे त्यांना पुरेपूर ठाऊक आहे. दुसऱ्याचे आयुष्य लिहिण्याची हाव कशी असते हे दाखवताना त्यांनी स्वतःच्या हातातल्या लेखणीला सूट दिली नाही, म्हणून मला ही कादंबरी फार प्रामाणिक वाटते.

‘न्यूयॉर्कर’ या नामांकित अमेरिकी साप्ताहिकाने ऑक्टोबर १९६१च्या एका अंकात ही कादंबरी जवळजवळ संपूर्ण छापली, पुढे तिच्यावर नाटक झाले आणि १९६९च्या चित्रपटातील भूमिकेसाठी मॅगी स्मिथ यांना ऑस्कर मिळाले. मिस ब्रोडी हे नाव इंग्रजी भाषेत जवळजवळ सामान्यनाम झाले.

त्याआधीच्या, १९५९ सालच्या ‘मेमेंटो मोरी’त फोन वाजतो आणि एक आवाज म्हणतो, ‘‘तुम्हाला मरावे लागणार आहे हे लक्षात ठेवा.’’ फोन ज्यांना येतात ते सगळे सत्तरी ओलांडलेले आहेत. कुणी पोलिसांत तक्रार करते, कुणी मृत्युपत्र बदलते, कुणाला तो वारसाहक्कासाठी टपलेल्या माणसाचा डाव वाटतो; प्रत्येकाला ऐकू येणारा आवाज वेगळा असतो. तपास करणारे निवृत्त पोलीस अधिकारी शेवटी अशा मताला येतात, की फोन करणारा स्वतः मृत्यूच असावा. समर्थ रामदासांचे ‘मरणाचे स्मरण असावे’ हे वचन ज्यांच्या कानावर आहे, त्यांना लॅटिन शीर्षकाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. इथला विनोद असा, की आवाज कसलीही धमकी देत नाही; तो एक निर्विवाद खरी गोष्ट सांगतो आणि तीच गोष्ट वगळून बाकी सगळ्यांचा विचार करण्यात ही माणसे बुडून जातात. ज्यांना तो निरोप सहज स्वीकारता येतो, त्यांत इस्पितळाच्या सार्वजनिक वॉर्डात पडलेली एक जुनी मोलकरीण आहे. आजीच्या खाटेजवळ उभी असलेली ती लहान मुलगी या पानांमध्ये मला दिसते.

‘द गर्ल्स ऑफ स्लेंडर मीन्स’ ही १९६३ सालची कादंबरी १९४५च्या लंडनमधील मुलींच्या वसतिगृहात घडते. तिची सुरुवातच सांगते, की फार पूर्वी, १९४५ साली, इंग्लंडमधली सगळी चांगली माणसे गरीब होती, अपवाद वगळता. परीकथेसारखे सुरू झालेले वाक्य शेवटी सरकारी अहवालाच्या भाषेत उतरते आणि त्या दोन शब्दांत साऱ्या देशाच्या आत्मसमाधानाचे मोजमाप होते. शीर्षकातल्या ‘स्लेंडर’ या शब्दातला कृशपणा आधी पैशाचा वाटतो. नंतर, इमारतीला आग लागल्यावर, न्हाणीघराच्या चिंचोळ्या खिडकीतून कोणत्या मुलीचे शरीर बाहेर पडू शकेल यावर जीव अवलंबून राहतो, आणि एक सुंदर, सडपातळ मुलगी बाहेर पडून पुन्हा आत जाते, ती अडकलेल्या मैत्रिणीसाठी नव्हे, एका किमती पोशाखासाठी. १९७०च्या ‘द ड्रायव्हर्स सीट’मध्ये तर नायिकेचा खून होणार हे लवकरच सांगून टाकलेले असते, आणि शोध खुन्याचा राहत नाही, तीच आपला खुनी शोधत फिरते. स्वतः स्पार्क यांची ही विशेष आवडती कादंबरी होती. माझा सल्ला विचारला, तर हे पुस्तक पहिले म्हणून वाचू नये.

स्पार्क यांच्यावर होणारा मोठा आक्षेप हा, की त्या पात्रांशी निष्ठुरपणे वागतात. आक्षेप निराधार नाही. परंतु त्यांनी १९७० साली अमेरिकेतील कला आणि साहित्याच्या अकादमीत केलेल्या भाषणात याचे उत्तर आहे. पीडितांची करुण कहाणी पाहून प्रेक्षक रडतो, आपल्या भावना जाग्या झाल्या म्हणजे आपले नैतिक कर्तव्य पार पडले असे त्याला वाटते आणि तो हलक्या मनाने घरी जातो, असे त्यांचे निरीक्षण होते. म्हणून अन्यायाविरुद्ध आपल्या हाती उरलेले सन्माननीय शस्त्र उपहास हेच आहे, असे त्यांनी सांगितले. चार वर्षांनी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना भोवलेल्या वॉटरगेट या हेरगिरीच्या प्रकरणावर त्यांनी ‘द ॲबेस ऑफ क्रू’ लिहिली, ती हा सिद्धांत वापरून. एक मठ आहे, मठाधिपतीपदाची निवडणूक आहे, झाडाझुडपांत बसवलेली ध्वनिमुद्रण यंत्रे आहेत आणि चोरी झाली आहे ती चांदीच्या अंगुस्तानाची. राष्ट्राध्यक्षाचा गुन्हा शिवणाच्या डब्याएवढा केला की त्याच्याभोवतीचा दबदबा गळून पडतो.

खासगी आयुष्यात मात्र सर्व हिशेब इतके नेटके जुळले नाहीत. मुलाशी असलेले नाते उत्तरायुष्यात दुरावले आणि घराण्याच्या ज्यू वारशावरून दोघांमधला वाद वृत्तपत्रांपर्यंत गेला. एका जुन्या मित्राने त्यांच्याविषयी चुकांनी भरलेले पुस्तक लिहिले आणि त्यांची पत्रे विकली, तेव्हा स्पार्क यांनी कागदपत्रांचा आसरा घेतला. आयुष्यभर जपून ठेवलेल्या पावत्या, पत्रे आणि डायऱ्या आज स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, आणि पुराव्याशिवाय काही लिहायचे नाही या निर्धाराने त्यांनी आत्मचरित्र रचले.

१९६०च्या दशकात न्यूयॉर्क, नंतर रोम आणि शेवटची अनेक वर्षे टस्कनीतील ओलिव्हेतो गाव, असा त्यांचा मुक्काम राहिला. शिल्पकार पेनेलपी जार्डिन या मैत्रिणीच्या सोबतीने, चर्चला लागून असलेल्या जुन्या घरात त्या लिहीत राहिल्या. लिहिण्यासाठी वह्या मात्र एडिंबराच्या जेम्स थिन या पुस्तकविक्रेत्याकडच्याच लागत. १९९३ साली त्यांना ‘डेम’ हा किताब मिळाला. बावीस कादंबऱ्या लिहून १३ एप्रिल २००६ रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचे निधन झाले.

नव्या वाचकाने कुठून सुरुवात करावी? हलक्या मनाने शिरायचे असेल, तर १९८८ सालची ‘अ फार क्राय फ्रॉम केन्सिंग्टन’ घ्यावी. तिची निवेदिका मिसेस हॉकिन्स प्रकाशनगृहात काम करते आणि वाचकाला सल्ले देते. बारीक व्हायचे असेल तर नेहमीचेच खा-प्या, फक्त निम्मे. हा सल्ला विनाशुल्क आहे, पुस्तकाच्या किमतीत तो धरलेला आहे. लेखनात मन एकाग्र होत नसेल तर मांजर पाळा, ते टेबलावरच्या दिव्याखाली शांत बसेल आणि त्याची शांतता तुमच्यात उतरेल. एक निवृत्त लष्करी अधिकारी हा सल्ला मानतो, पुस्तक पूर्ण करतो आणि ते अतिशय कंटाळवाणे निघते. मिसेस हॉकिन्स स्पष्ट करते, की मांजराने एकाग्रता येते एवढेच ती म्हणाली होती. मांजर पुस्तकही लिहून देईल, असे ती म्हणाली नव्हती.

मिस ब्रोडींची गोष्ट मात्र दोनदा वाचावी. दुसऱ्या वेळी शास्त्राच्या तासापाशी थांबावे. प्रयोगशाळेत मॅग्नेशियमच्या ज्वाळा उसळतात आणि मेरी घाबरून बाकांमधल्या वाटेने एकीकडे धावते, तिथे ज्वाळा दिसते, वळून दुसरीकडे धावते, तिथेही ज्वाळाच असते. तिला धरून शांत केले जाते आणि इतका मूर्खपणा करू नकोस असे सांगितले जाते. वर्ग पुढे चालू होतो.